माती ओळखीची, पाऊस अनोळखी : इनामगावची नऊशे वर्षे

पुण्याच्या पूर्वेला ऐंशी-नव्वद किलोमीटरवर, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. आजच्या गावापासून जवळच काही पांढरी टेकाडे आहेत. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला ‘पांढर’ म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला ‘काळी’. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती साचून वस्तीची जागा पांढुरकी होते, हे शेतकऱ्याला पुरातत्त्वाचा शब्दही न ऐकता ठाऊक असते. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ही पांढर उकरली. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली झालेले हे काम महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांबद्दल आपल्याला जे काही कळले आहे त्याचा सर्वांत भक्कम पाया आहे. एकाच गावाची शंभराहून अधिक घरे, त्यांतल्या चुली, कोठारे, दफने आणि जळालेले दाणे इतक्या बारकाईने तपासले जाण्याचे भाग्य भारतातल्या फार थोड्या ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे दगडासोबत तांबेही वापरणाऱ्या काळातल्या, गावांना लाभले.

या लेखात मी एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहे. बाहेरून आलेली शेतकरी माणसे या कोरड्या पट्ट्यात स्थिरावली कशी? त्यांना काय आधीपासून येत होते, काय नव्याने शिकावे लागले, आणि त्या शिकण्याची किंमत कोणी मोजली?

इथे माणूस पहिल्यांदाच आला असे नाही. शिकार आणि कंदमुळांवर जगणारे लोक दख्खनच्या नद्यांच्या काठांनी त्याआधी हजारो वर्षे वावरत होते. पण बी पेरून, घर बांधून, एका जागी बारा महिने राहणाऱ्यासाठी हा प्रदेश नवा होता. शिकाऱ्याला एखाद्या वर्षी पाऊस हुकला तर तो दुसऱ्या डोहाकडे सरकतो. शेतकऱ्याने एकदा बी मातीत टाकले की त्याला तिथेच थांबावे लागते.

काय घेऊन आले होते

इनामगावच्या सर्वांत खालच्या थरातले लोक माळवा संस्कृतीचे होते. काळ साधारण इ.स.पू. १६०० ते १४००. या संस्कृतीचे मूळ घर नर्मदेच्या आसपास आणि तिच्या उत्तरेला. महेश्वरसमोरच्या नावडातोलीच्या उत्खननात तिचे ठसठशीत रूप मिळाले आहे : गहू, डाळी, गुरे, लाकडी खांब आणि कुडाच्या भिंतींची घरे, पिवळसर-नारिंगी लेपावर गडद रंगाने नक्षी काढलेली भांडी. तिथून ही माणसे, किंवा निदान त्यांची शेती, भांडी आणि घर बांधण्याची रीत, तापी ओलांडून गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात आणि पुढे भीमेच्या खोऱ्यात उतरली.

आता नकाशावर एक गोष्ट पाहावी. माळवा हाही बेसाल्टचा, काळ्या मातीचा प्रदेश. दख्खनही तसाच. ताम्रपाषाणयुगीन गावे महाराष्ट्रात जिथे जिथे सापडली, ती बहुतेक नदीकाठच्या काळ्या जमिनीला चिकटून आहेत. नव्या मुलखात शिरताना या लोकांनी पावलाखालची ओळखीची माती शोधली. ती शोधणे सोपे होते. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात पायाला किलोकिलोने चिकटते, ओल पोटात धरून ठेवते. ही खूण डोळ्यांना दिसते.

पाऊस मात्र डोळ्यांना दिसत नाही. तो किती पडतो हे कळायला वर्षे जातात, आणि तो किती वेळा दगा देतो हे कळायला पिढी जाते. शिरूरचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. घाटमाथ्यावर धो धो कोसळणारे ढग इथे येईपर्यंत रिकामे होतात. वर्षाचा पाऊस साधारण चारशे ते पाचशे मिलिमीटर, तोही बेभरवशाचा. शिवाय त्याचे वेळापत्रक वेगळे. मृगाचा पाऊस इथे हुलकावणी देतो आणि खरी भिस्त उत्तरा-हस्ताच्या परतीच्या पावसावर असते. उत्तरेकडून काळी माती बघून आलेल्या माणसाला वाटले असेल, जमीन आपलीच आहे. मग एक-दोन चांगली वर्षे गेली असतील आणि तिसऱ्या वर्षी आभाळ कोरडे राहिले असेल. या ओळी माझ्या कल्पनेतल्या आहेत, हे मान्य. पण मी दुष्काळी पट्ट्यातच वाढलो आहे. तिथे कोणालाही विचारा, चांगल्या वर्षाने दिलेला विश्वास किती महागात पडतो ते तो सांगेल.

कसे शिकले

शिकण्याची पहिली खूण धान्यात आहे. इनामगावात सापडलेल्या जळक्या दाण्यांत जव हे मुख्य पीक दिसते. गहू आहे, पण पुढाकार जवाचा. त्यांच्यासोबत मसूर, वाटाणा, लाखेची डाळ, हुलगा. जव गव्हापेक्षा काटक असतो. कमी पाण्यात भागवतो, हलक्या जमिनीतही तग धरतो. परतीच्या पावसाने काळी माती भिजून गेली की त्या ओलीवर, वरून पाण्याचा थेंब न पडता, थंडीत एक पीक निघते. आज त्याच पट्ट्यात शाळू ज्वारी त्याच हिशेबावर येते. दाणा बदलला, हिशेब तोच. हुलगा तर हलक्या, पडक्या रानातही काही ना काही हाताला लावतो. कोणत्या वर्षी काय हुकेल सांगता येत नाही, म्हणून चार-सहा गोष्टी पेरून ठेवायच्या, ही रीत दाण्यांच्या यादीतून सरळ वाचता येते.

दुसरी खूण पाण्यात. इ.स.पू. १४०० च्या सुमारास माळवा भांड्यांची जागा जोर्वे भांड्यांनी घेतली. जोर्वे हे संगमनेर तालुक्यातले गाव. तिथल्या १९५०-५१ च्या उत्खननावरून या संस्कृतीला नाव मिळाले. लाल लेप, काळी नक्षी, बोटाने टिचकी मारली तर धातूसारखी वाजणारी भाजणी, कोनदार वाडगे आणि तोटीची भांडी ही तिची ओळख. याच पूर्व-जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. १४०० ते १००० दरम्यान, इनामगावकरांनी नदीच्या बाजूला दगडमातीचा एक बांध घातला आणि एक पाट खणला. पाटाची लांबी सुमारे २०० मीटर, रुंदी ४ मीटर, खोली साडेतीन मीटरच्या आसपास. नदीला पूर आला की त्याचे पाणी या पाटात वळवायचे, असा उत्खननकर्त्यांनी लावलेला अर्थ आहे.

हे आकडे वाचून पुढे सरकणे सोपे आहे, म्हणून जरा थांबू या. काटकोनी छेद धरला तर ही खुदाई २,८०० घनमीटरच्या घरात जाते. लोखंड अजून यायचे होते आणि तांबे इतके मोलाचे होते की रोजची बहुतेक धारदार कामे गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या पात्यांनी होत. अशा हत्यारांनी एक माणूस दिवसाला एक घनमीटर माती काढू शकतो असे धरले, तर पन्नास माणसांना छप्पन्न दिवस लागतील. म्हणजे रब्बी निघाल्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंतचा जवळजवळ सगळा मोकळा काळ. हा हिशेब माझा, ढोबळ आहे. पण त्यातून एक गोष्ट समजते : हे एका कुटुंबाच्या आवाक्यातले काम नव्हते. कोणीतरी ते ठरवले, कोणीतरी माणसे जमवली, आणि त्या दिवसांत त्यांच्या पोटाची सोय केली.

तो ‘कोणीतरी’ कोण, याचा माग घरांत लागतो. पूर्व-जोर्वे काळातली घरे आयताकृती होती, ओळीने मांडलेली, मध्ये बोळ सोडलेले. भिंती बुटक्या मातीच्या, वर कुड आणि गवताचे छप्पर. बहुतेक एका खोलीची. गावाच्या मध्यभागी मात्र पाच खोल्यांचे एक घर मिळाले, चार खोल्या आयताकृती आणि एक गोल, आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. कुंभार, सोनार, मणी घडवणारे, हस्तिदंताचे काम करणारे यांची घरे गावाच्या पश्चिम कडेला होती. मोठे घर गावाच्या प्रमुखाचे असावे आणि कोठारात गावाकडून गोळा झालेले धान्य राहत असावे, असे ढवळीकरांचे म्हणणे. मला ते पटते, कारण पाट खणणाऱ्या पन्नास माणसांची भाकरी, किंवा त्या वेळी जे काही जवाचे खात असतील ते, अशाच एखाद्या कोठारातून आले असणार.

साठवण हाच या गावाच्या शहाणपणाचा गाभा वाटतो. घरोघरी जमिनीत पेवे होती, आतून लिंपलेली. रांजण टेकवायला चार चपटे दगड मांडलेले. कणगी ठेवायला मातीचे गोल ओटे. माझ्या आजोळच्या माजघरात शेणमातीने सारवलेली कणगी होती आणि तिच्याखाली दगड घातलेले होते, ओल आणि उंदीर दोन्ही लांब ठेवायला. इनामगावच्या उत्खननाच्या छायाचित्रात ते चार दगड पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बराच वेळ त्या पानावरून हललो नाही. पाऊस ज्या मुलखात दर काही वर्षांनी हुकतो, तिथे या वर्षीचा दाणा पुढच्या वर्षीपर्यंत नेणे ही पेरणीइतकीच मोठी विद्या आहे.

जनावरांबद्दल थोडक्यात सांगतो. गाईबैल मोठ्या संख्येने, त्याखाली शेळ्यामेंढ्या, थोड्या म्हशी, कुत्रे. हाडांवरच्या खुणांवरून गुरांचे मांसही खाल्ले जात होते. सोबत हरणांची शिकार आणि नदीतले मासे. मासे धरायचा तांब्याचा गळही मिळाला आहे. जे आसपास मिळत नव्हते ते लांबून यायचे : शंख समुद्रकिनाऱ्यावरून, सोने बहुधा कर्नाटकाकडून, तांबेही बाहेरूनच. म्हणजे हे गाव कोरड्या पट्ट्यात एकटे पडलेले नव्हते. अडचणीच्या वर्षी उपयोगी पडतील अशा वाटा त्यांनी जोडून ठेवल्या होत्या.

जमिनीखालची माणसे

इनामगावात स्वतंत्र स्मशान नव्हते. मेलेल्यांना घरात, जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. मोठ्या माणसाला उताणे निजवत, डोके उत्तरेला, आणि घोट्याखालची पावले तोडलेली असत. मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये, गावातच राहावा, म्हणून असे करत असावेत, हा ढवळीकरांचा अंदाज. लहान मुलांसाठी दोन रांजण घेत, त्यांची तोंडे एकमेकांना लावत आणि खड्ड्यात आडवे ठेवत. बहुतांश दफने या लहान मुलांचीच आहेत.

एक दफन सगळ्यांहून निराळे. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात कच्च्या मातीचा, चार पायांचा, पोट फुगलेला एक मोठा रांजण मिळाला. त्यात साधारण चाळिशीचा एक पुरुष मांडी घालून बसवलेला. त्याची पावले शाबूत होती. गावप्रमुखाला वेगळा मान होता, तो मेल्यावरही वेगळा राहिला. सोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांच्या होडीचे चित्र आहे. उन्हाळ्यात डोहांपुरती उरणाऱ्या नदीकाठच्या माणसाला सोबत होडी द्यावी, याचा अर्थ काय लावायचा ते ठरत नाही. मला ते चित्र फार आवडते एवढेच सांगतो.

इ.स.पू. १००० नंतर

इथपर्यंतची हकिगत यशाची आहे. पुढे वळण येते.

इ.स.पू. १००० च्या सुमारास तापी, गोदावरी आणि प्रवरेच्या खोऱ्यांतली जोर्वे गावे एकामागून एक ओस पडली. प्रवरेकाठचे दायमाबाद हे त्यांतले सर्वांत मोठे, वीस हेक्टरांवर पसरलेले. तेही उठले. भीमेच्या खोऱ्यातले इनामगाव मात्र आणखी तीनशे वर्षे, इ.स.पू. ७०० पर्यंत, वसलेले राहिले. पण त्याचे रूप पालटले. ओळीतली आयताकृती घरे गेली. त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, तीन-चार-पाचच्या झुबक्यांनी. भांड्यांची नक्षी ओबडधोबड झाली. गहू जवळजवळ दिसेनासा झाला, जवही घटला, शिकारीच्या प्राण्यांच्या हाडांचे प्रमाण वाढले. पाच खोल्यांच्या घरासारखे घर पुन्हा झाले नाही.

उत्खननकर्त्यांनी याला ऱ्हास म्हटले. कारण म्हणून वाढत्या कोरडेपणाकडे बोट दाखवले : पाऊस कमी झाला, शेती बसली, माणसे अर्धभटकी झाली, शेळ्यामेंढ्यांच्या आणि शिकारीच्या आधाराने जगू लागली. ढवळीकरांनी हे मोठ्या ताकदीने मांडले आणि अनेक वर्षे तेच प्रमाण मानले गेले.

या मांडणीला पुढे आव्हान मिळाले. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा तपशीलवार अभ्यास आधी करून ठेवला होता. त्यांतल्या मुलांच्या हाडांवर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी पुन्हा काम केले आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे की दख्खनचा हा भाग इ.स.पू. १००० ला अचानक कोरडा झाला नाही. पहिले शेतकरी आले तेव्हाच तो निमकोरडा होता. बदलले ते माणसांचे जगणे. आणि उत्तर-जोर्वे, म्हणजे इ.स.पू. १००० नंतरच्या, काळातल्या मुलांच्या हाडांत त्या बदलाचा ताण दिसतो : वाढ खुंटलेली, वयाच्या मानाने अंग कमी.

मला या दोन मांडण्यांतली दुसरी अधिक पटते, पण त्यामुळे पहिली सगळीच बाद होते असे नाही. पाऊस सरासरीने कमी झाला नसेल, तरी लागोपाठ तीन-चार वाईट वर्षे पुरेशी असतात. आपण १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, किंवा घरच्यांकडून ऐकला आहे. त्या आधीची वर्षेही ओढीची होती, म्हणूनच त्याचा घाव इतका खोल गेला. शिवाय सहाशे वर्षे तीच नदीकाठची जमीन, तेच लाकूड, तेच गवत वापरणारे गाव आपल्या आसपासच्या रानावर काही परिणाम न करता राहिले असेल, हे मानणे अवघड आहे.

खरा वाद मला ‘ऱ्हास’ या शब्दाशी घालायचा आहे. गहू, चौकोनी घर, सुबक नक्षी ही आपली मोजमापे आहेत. ती लावली तर उत्तर-जोर्वे इनामगाव मागे गेले असेच दिसते. पण शेजारची, जास्त सुपीक खोऱ्यांतली, जास्त मोठी गावे त्याच वेळी पूर्ण उठली, ही वस्तुस्थिती त्या मोजमापांत बसत नाही. दायमाबाद संपले आणि इनामगाव राहिले. माझा अंदाज असा की भीमेच्या खोऱ्यातल्या लोकांना कोरडेपणाची सवय आधीच झाली होती. जव, हुलगा, पेव, शेळी, हरणाची वाट, डोहातला मासा, हे सगळे त्यांच्या हाताशी होते. गहू सोडून देणे त्यांना जमले, कारण त्यांचे पोट फक्त गव्हावर कधीच नव्हते. गोल झोपडी उभारायला कमी लाकूड लागते, कमी हात लागतात, आणि चाऱ्यासाठी हलायचे झाले तर ती सोडून जाताना जीव अडकत नाही. ज्याला आपण गरिबी म्हणतो त्यात निवडही असू शकते.

असे म्हणताना मुलांची हाडे मात्र समोरून हटत नाहीत. तीनशे वर्षे टिकून राहण्याची विद्या होती, आणि तिचा भार सर्वांत लहानांवर पडत होता. दोन्ही एकाच गावात, एकाच छपराखाली खरे होते. ‘त्यांनी परिस्थितीशी जुळवून घेतले’ हे वाक्य आपण सहज लिहितो. इनामगावात जुळवून घेणे म्हणजे काय, ते दुधाच्या दातांच्या वयात थांबलेल्या वाढीत मोजता येते.

आणखी एक राहिले. पूर्व-जोर्वे काळातल्या एका घरात जमिनीखाली मातीची एक लंबगोल डबी मिळाली. आत बिनडोक्याची स्त्रीमूर्ती, झाकणावर डोके असलेली दुसरी स्त्रीमूर्ती, आणि सोबत मातीचा बैल. आतली मूर्ती काडीच्या आधाराने बैलाच्या पाठीवर बसवता येते. डबी बंद करून ती नीट पुरून ठेवलेली होती. कशासाठी, ते ठामपणे सांगता येत नाही. पण ज्या घरात रांजण, दाणे आणि बाळे जमिनीखाली ठेवली जात, त्याच जमिनीत देवीही ठेवली गेली.

उत्तर-जोर्वे काळात घराचा आकार बदलला, ताटातले धान्य बदलले, भांड्यावरची रेघ जाडीभरडी झाली. पण गोल झोपडीतही मूल दगावले की आई-बापांनी तेच केले जे चौकोनी घरात त्यांच्या खापरपणज्यांनी केले होते. दोन रांजण घेतले, तोंडाला तोंड लावले, आणि चुलीपासून हाताच्या अंतरावर जमिनीत आडवे ठेवून वरून माती सारखी केली.